धागा: दुसरी-तिसरीसाठी गोष्ट – वर्गातला पाळीव प्राणी आणि दोघींची गट्टी. कच्चा खर्डा तपासून द्याल का?

बोरूबहाद्दर
सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी सोळा पानी चित्रगोष्ट करायची आहे. खर्डा थोडक्यात असा: जिल्हा परिषदेची शाळा, दुसरीचा वर्ग. सई आणि मनू एका बाकावर बसतात, पण बोलत नाहीत. गुरुजी वर्गात पिंजऱ्यातला राघू आणतात. दोघींवर त्याला डाळ-मिरची घालायचं काम येतं. राघू आधी सईचं नाव घेतो, मनू रुसते. शेवटी तो दोघींची नावं जोडून म्हणतो आणि गट्टी होते.
काय खटकतं ते सांगा. प्राणी बदलावा लागला तरी चालेल.

रानवाटा
राघू बदलावाच लागेल. देशी पोपट, मग तो राघू असो, पहाडी असो की तुईया, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पाळता येत नाही. पिंजरा घराघरात दिसतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही. शाळेत गुरुजींनीच तो आणल्याचं पुस्तकात छापलं, तर मुलांना तेच बरोबर वाटणार. तारा-कासवाचंही तसंच. दुकानात मिळणारं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं छोटं कासव परदेशी आहे, पण ते वर्गात आणणं तर त्याहून वाईट. रुपयाएवढं पिल्लू ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं आणि त्याच्या अंगावरून साल्मोनेलाचे जंतू मुलांच्या हाताला लागतात. शेवटी कोणीतरी ते तळ्यात सोडतं आणि तिथल्या देशी कासवांच्या खाण्यावर आणि जागेवर ते हक्क सांगतं.

काचघर
मग मासे घ्या. गप्पी चालतील. वीस लिटरची टाकी, वर जाळी, चार-पाच मासे. नळाचं पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मग घालायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. खाणं दिवसातून एकदा चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासे मरतात ते उपासाने नाही, लाडाने. प्रत्येक मूल आपापली चिमूट टाकतं, उरलेलं कुजतं, अमोनिया वाढतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात. नव्या टाकीत हे हमखास होतं, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला. सगळं पाणी एकदम बदलू नका.
गोष्टीसाठी गप्पींचा आणखी एक फायदा: मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याने.

लिंबोणीचंझाड
काचघर, माहिती बरोबर आहे, पण गोष्ट म्हणून मासे अवघड जातात. टाकीत आज जे दिसतं तेच महिन्याने दिसतं. घटना एकच: मासा मेला. दिवाळीच्या सुट्टीत टाकी कोणाकडे द्यायची हा प्रश्नही उरतोच.
माझं मत अळीला. लिंबावरची किंवा कढीपत्त्यावरची फुलपाखराची अळी घ्या. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत पावसाळ्यात साधारण चार आठवडे लागतात, म्हणजे आणणं, वाढवणं, हरवणं, सापडणं आणि सोडून देणं हे सगळं एका महिन्यात बसतं. पिंजरा नको, विकत काही नको. मुख्य म्हणजे कथानक रचावं लागत नाही. अळीचं स्वतःचं वेळापत्रक असतं आणि त्यात रुसवे-फुगवे आपोआप येतात.

बोरूबहाद्दर
रुसवे कसले? अळीला काय कळतंय?

लिंबोणीचंझाड
अळीला काहीच कळत नाही, म्हणूनच ती उपयोगी. राघू एकीचं नाव घेतो तेव्हा तुमची गोष्ट 'प्राण्याला कोण जास्त आवडतं' या वळणावर जाते. अळीला सई नको, मनूही नको, तिला पान हवं. मग पान आणायचं कोणी, बरणी पुसायची कोणी, रविवारी काय करायचं, हे दोघींना आपसांत ठरवावंच लागतं. गट्टी होते ती या कामातून.

वेळापत्रक देते. तापमानाप्रमाणे दोन-तीन दिवस इकडेतिकडे धरा.
मादी कोवळ्या पानावर एकेक अंडं घालते. रंग फिकट पिवळा, आकार मोहरीपेक्षाही लहान. तीन-चार दिवसांत ते काळपट होतं आणि फुटतं. बाहेर आलेली अळी दोन-तीन मिलिमीटरची असते आणि पहिलं जेवण म्हणून अंड्याचं टरफल खाते. मग पंधरा-सोळा दिवसांत ती चार वेळा कात टाकते. पहिल्या चार अवस्थांत ती तपकिरी-काळी आणि मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याची शीट. पाचव्या अवस्थेत एका कातीसरशी हिरवीगार होते आणि बोटाच्या दोन पेरांएवढी वाढते. आयुष्यातलं बहुतेक खाणं ती या शेवटच्या चार-पाच दिवसांतच खाते. त्यानंतर कोष, आठ ते दहा दिवसांचा. मग फुलपाखरू.

प्रत्येक कातीआधी जवळजवळ दिवसभर अळी हलत नाही, खात नाही. पानावर रेशमाची बारीक गादी विणून तिला पाय रोवून बसते. मुलांना वाटतं आजारी पडली किंवा मेली. कोणीतरी काडीने ढोसतं, पाय सुटतात, कात अर्धवट अडकते आणि मग ती खरोखर मरते. तुम्हाला रुसवा हवा होता ना? 'अळी रुसली' हे मुलांच्या तोंडी कसं शोभेल बघा.

रानवाटा
+१. शिवाय पाचव्या अवस्थेतल्या अळीला डिवचलं की डोक्यामागून नारिंगी-तांबडं, दोन टोकांचं मऊ शिंग बाहेर येतं आणि उग्र आंबूस वास सुटतो. चावत नाही, खाज येत नाही. पण दुसरीच्या वर्गात त्या वासावरून जो हलकल्लोळ होईल, त्यावर एक जोडपान सहज निघेल.

रुईचंपान
रुईवरची अळी का नको? रुई माळावर, रस्त्याकडेला कुठेही मिळते. अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. चित्रकार खूश होईल. कोष हिरवा, त्यावर सोनेरी ठिपके, उलटा लोंबकळणारा. कोष आठवड्याभरातच उमलतो.

लिंबोणीचंझाड
दिसायला ती सरसच. पण रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून मूल सांगत नाही आणि उशीर होतो. रोज पानं तोडायची म्हणजे रोज हाताला चीक. पुस्तक वाचून एखाद्या बाई दुसऱ्या दिवशी वर्गात हेच करून बघणार, हे धरूनच लिहायला हवं. पाचवीच्या पुढे, मोठ्या माणसाने पानं तोडून दिली तर रुई चालेल.

रुईचंपान
मान्य. चिकाचं लक्षात आलं नव्हतं.

पाटीपेन्सिल
गोष्टीत अळी ठेवतात कशी, हे नीट दाखवा. चित्रात चुकीचं दाखवलं की तसंच केलं जातं. झाकणाला भोकं पाडलेली लोणच्याची बरणी हे ठरलेलं चित्र काढू नका. तोंड अरुंद, आत वाफ धरते, लेंड्यांवर बुरशी येते, अळी सैल पडून काळी होते.

रुंद तोंडाची चार-पाच लिटरची पारदर्शक बरणी घ्या. तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. तळाला वर्तमानपत्र, ते रोज बदलायचं. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत उभी करायची, म्हणजे पानं दोन दिवस ताजी राहतात. बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बुजवायचं. हे विसरलं तर अळी देठावरून उतरत थेट पाण्यात जाते आणि बुडते. पहिल्यांदा करणाऱ्यांची अळी बहुधा अशीच जाते.
बरणी उन्हात नको, काच तापते. मुंग्या असतील तर पाण्याच्या परातीत वीट ठेवून त्यावर बरणी. एका बरणीत दोन, फार तर तीन अळ्या.

बाजारातल्या जुडीचा कढीपत्ता देऊ नका. त्यावर फवारणी झालेली असते आणि धुतली तरी ती पुरती जात नाही. संध्याकाळी पान दिलं की सकाळी अळी हिरवं पाणी टाकून वेडीवाकडी पडलेली दिसते. परसातलं झाडच हवं. आणि जी लिंबावर वाढली तिला लिंबच, जी कढीपत्त्यावर तिला कढीपत्ता. मध्येच पान बदललं तर कित्येकदा खात नाही. मोठ्या अळीला रोज एक-दोन ताजी डहाळी लागते, तेव्हा झाड निदान कमरेएवढं असावं.
बोटाने उचलायचं नाही. ती ज्या पानावर आहे ते पानच कापून नव्या फांदीवर ठेवायचं. नाहीतर रंगाचा मऊ ब्रश.

बोरूबहाद्दर
हे झकास आहे. राघू उडाला, अळी आली. आता 'हरवणं' कुठे येतं ते सांगा.

लिंबोणीचंझाड
कोष करण्याआधी अळी खाणं थांबवते, पातळ हगते (मुलं इथे हसणार, हसू द्या) आणि जागा शोधत तासन्तास भटकते. जाळी जरा सैल असली की बाहेर. सरपटत सहा-सात हात लांब जाऊ शकते.
अंडं सोमवारी सापडलं असं धरा. शुक्रवारी फुटलं. भटकणं येतं पुढच्या-पुढच्या आठवड्याच्या शेवटी. शुक्रवारी सईने पान बदललं आणि रबर नीट बसवलं नाही. शनिवारी सकाळची शाळा, बरणी रिकामी. मनू म्हणते, तुझ्यामुळे. सई म्हणते, शेवटचा हात तुझाच होता. कट्टी. मध्ये रविवार आहेच.
इकडे अळी भिंतीवरच्या नकाशामागे पोचलेली असते. शेपटीकडचं टोक रेशमाने चिकटवते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन त्याच्या आधाराने मागे रेलते, दिवसभर कुबड काढून बसते. मग कात टाकली की कोष. भोवतालाप्रमाणे तो हिरवा किंवा तपकिरी. जुन्या नकाशामागे तपकिरी धरा.

काचघर
आणि सोमवारी नकाशा गुंडाळताना तो खाली पडतो?

लिंबोणीचंझाड
सोमवारी पाडू नका. पहिले चोवीस तास कोष मऊ असतो, पडला तर फुटतो. मंगळवार-बुधवार करा, तोवर टणक होतो. पडल्यावर तो वाया जात नाही, आणि माझ्या मते तुमच्या गोष्टीचा कणा इथेच आहे. वहीच्या कागदाचा भेळेच्या पुडीसारखा कोन करायचा, कोषाच्या लांबीपेक्षा किंचित आखूड. शेपटीचं निमुळतं टोक खाली, डोकं वर, असा कोष त्यात अलगद उभा ठेवायचा आणि कोन बरणीच्या आत चिकटपट्टीने लावायचा. डोक्याकडचा भाग कागदाच्या वर निघालेला हवा. जवळ खडबडीत काडी किंवा कापड हवं, कारण बाहेर आलेलं फुलपाखरू लगेच वर चढून पंख खाली लोंबते सोडतं. चढायला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि मग ते कधीच उडत नाही. गुळगुळीत काचेवर पाय धरत नाहीत.
कोन करायला चार हात लागतात: दोन कागद धरायला, दोन कोष ठेवायला. न बोलणाऱ्या दोघींना एवढं काम पुरे.

पाटीपेन्सिल
वर्ग झाडतानाही कोष जातो बरं का. वाळकं पान समजून केरात. बरणीवर चिठ्ठी लावलेली दाखवा.

शब्दवेल्हाळ
आता जरा भाषेचं. दुसरीच्या मुलांसाठी असेल तर जोडाक्षरं मोजून वापरा. नशिबाने तुमचे मुख्य शब्द सोपे आहेत: अळी, पान, लिंबू, कात, कोष, बरणी, फुलपाखरू. एकाही शब्दात जोडाक्षर नाही. कढीपत्त्यात मात्र आहे, म्हणून झाड लिंबाचंच ठेवा. 'मैत्री' हा शब्द तर गोष्टीत कुठेच नको. एक तर जोडाक्षर, दुसरं म्हणजे मुलं तो बोलत नाहीत, शिक्षक फळ्यावर लिहितात. मुलांची 'गट्टी' असते नि 'कट्टी' असते. त्यातला ट्ट त्यांच्या तोंडात आधीच बसलेला आहे, तेवढा चालेल.

सुरुवात अशी काहीतरी:
'मनूने पान उलटं केलं. खाली एक पिवळा मणी. सई बघत होती. मनूने पान तिच्याकडे सरकवलं. बोलली मात्र नाही.'
वाक्य चार-पाच शब्दांचं. 'तिला खूप वाईट वाटलं' अशी वाक्यं सरळ काढा. रिकामी बरणी चित्रात आहे, ते पुरेसं आहे.

आणि कृपा करून अळीला बोलकी करू नका. 'मी आहे छोटी अळी' छाप ओळी पुष्कळ झाल्या.

काचघर
बोलकी अळी लहानांना आवडते पण. सगळंच इतकं शास्त्रशुद्ध कशाला?

शब्दवेल्हाळ
आवडते, आणि दुसऱ्या एखाद्या गोष्टीत चालेलही. इथे अळी बोलू लागली की तीच दोघींचं भांडण मिटवणार. मग तो कोन कोण करणार?

रानवाटा
एक कडू मुद्दा. कोषातून दर वेळी फुलपाखरू निघत नाही. परजीवी माश्या अळीच्या अंगावर किंवा आत अंडी घालतात. कोष काळा पडतो, कडक होतो, एक बारीक गोल भोक पडतं आणि चिमुकल्या माश्या बाहेर येतात. काही वेळा कोषातून पांढरा किडा धाग्याने खाली उतरतो. बाहेरून मोठी अळी उचलून आणली तर हा धोका बराच. अंड्यापासून किंवा अगदी बारीक अळीपासून जाळीत वाढवली तर कमी. म्हणून गोष्टीत अंडंच सापडू दे, ते तुम्ही केलंच आहे. गोष्टीत परजीवी आणा असं म्हणत नाही, पण शेवटच्या पानावर मोठ्यांसाठी चार ओळी असतील तर त्यात हे लिहा. नाहीतर वर्गात तसं झालं की शिक्षक गडबडतात आणि मुलांना काहीतरी खोटं सांगतात.

बोरूबहाद्दर
लिहितो. सोळा पानांत बसवताना अडतोय.

शब्दवेल्हाळ
पान १ मुखपृष्ठ, २ वर श्रेयनामावली, १६ मलपृष्ठ. हाती उरलं सुटं पान ३ आणि सहा जोडपानं. ३ वर अंडं. ४-५ शिटेसारखी अळी आणि कामाची वाटणी. ६-७ अळी रुसली. ८-९ हिरवी झाली, वास. १०-११ रिकामी बरणी, कट्टी. १२-१३ नकाशा आणि कोन. १४-१५ फुलपाखरू.
रिकामी बरणी उजव्या पानावर, म्हणजे ११ वर यायला हवी. १० वर भांडण दाखवून ११ वर अळी कुठे गेली ते दाखवलंत तर पान उलटायला कारणच उरत नाही.
एकूण शब्द चारशेच्या आत. मोठ्यांसाठीचा मजकूर २ वर श्रेयनामावलीखाली बारीक टायपात टाका, गोष्टीच्या पानांत घुसवू नका.

लिंबोणीचंझाड
चित्रकारासाठी चार गोष्टी. लिंबावरच्या फुलपाखराला शेपट्या नसतात. काळे पंख, त्यावर फिकट पिवळे तुकडे, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात एक तांबडा ठिपका. कोष उलटा टांगू नका, तो रुईवरच्या अळीचा. हा डोकं वर करून कमरपट्ट्यावर रेललेला असतो. बाहेर येण्याच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि आतले पंख आरपार दिसू लागतात. हे दाखवाच, कारण फुलपाखरू बहुधा सकाळी लवकर निघतं आणि साडेदहाच्या शाळेत मुलांना फक्त रिकामं टरफल सापडतं. आदल्या संध्याकाळी सईला काळा कोष दिसला, तर ती मनूला सांगणार, 'उदया लवकर ये.' कट्टी तिथेच मोडते, वेगळा प्रसंग नको.
निघाल्यावर ते तांबूस पाण्याचे थेंब टाकतं. मुलांना रक्त वाटतं. रक्त नाही, कोषात साठलेला मळ. पंख वाळायला तास-दीड तास द्यायचा, हात लावायचा नाही. त्या दिवशी त्याला खायला घालायची गरज नसते. पाऊस नसेल तर दुपारपर्यंत लिंबाच्याच झाडावर सोडायचं. जोराचा पाऊस असेल तर एक दिवस थांबून, एक भाग साखर नि दहा भाग पाणी, त्यात भिजवलेला कापूस.

पाटीपेन्सिल
वरच्या उताऱ्यात 'उदया' असं टंकलंय, पुस्तकात 'उद्या' करा. आणि ते जोडाक्षर आहे, शब्दवेल्हाळ रागावतील :)

शब्दवेल्हाळ
रागावत नाही. 'सकाळी लवकर ये' केलं की काम भागतं.

रानवाटा
एक गंमत सुचवू? लिंबावर तीन-चार जातींची फुलपाखरं अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या लहानपणी जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यात आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही आलं. २०१५ मध्ये ते जाहीर झालं आणि राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. म्हणजे कोषातून कोण निघणार हे गुरुजींनाही आधी खात्रीने सांगता येणार नाही. वर्गात दोन तट पाडा: निळं की पिवळं. सई एका तटात, मनू दुसऱ्यात.
फक्त ब्लू मॉरमॉन घेतलंत तर वेळापत्रक थोडं लांबवा. अळी मोठी, कोष मोठा, दिवसही जास्त.

बोरूबहाद्दर
तट घेतो, पिवळं निघू दे, म्हणजे वेळापत्रक तेच राहील. मलपृष्ठावर काय ठेवू? रिकामी बरणी आणि दोघी खिडकीतून बघताहेत, असं मनात आहे.

लिंबोणीचंझाड
दोघी नकोत, त्या १५ वर आहेतच. नुसतं लिंबाचं कोवळं पान ठेवा आणि त्याच्या कडेला पिवळा मणी. मादी कोवळ्या पालवीवरच अंडी घालते, तेव्हा पान फिकट तांबूस-पोपटी रंगवा, जून हिरवं नको.